डावखुऱ्याची गिटार आणि मिरजेची सतार

आजच्या विषयाचा फलक वाचून काहींना गंमत वाटली असेल. वाईसारख्या गावात, जिथे मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं, तिथे डावखुऱ्यांच्या गिटारीवर व्याख्यान कशाला? पण आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे, कारण त्यात एक कोडं आहे. ते आधी मांडतो.

समजा, आपल्या घरातली एखादी मुलगी डावखुरी आहे आणि तिला गिटार शिकायची आहे. साताऱ्यात चौकशी करा, पुण्याला जा. बहुतेक दुकानांत भिंतीवर पन्नास गिटारी टांगलेल्या दिसतील आणि त्यातली तिच्या हाताची एखादी असेल किंवा नसेल. असलीच तर अगदी सुरुवातीच्या दर्जाची. चांगली हवी असेल तर उत्तर ठरलेलं: "मागवावी लागेल." आता त्याच मुलीनं म्हटलं की मला सतार शिकायची आहे. सतार गिटारीपेक्षा किती तरी गुंतागुंतीचं वाद्य. पण इथून कऱ्हाड, सांगली करत मिरजेला जा, कारागिराला सांगा की डाव्या हाताची सतार हवी, तो करून देईल. जगभर लाखांनी तयार होणारं वाद्य मिळत नाही आणि एकेक करून घडवलं जाणारं मिळतं. हे असं का? आज आपण याच्या मागचा इतिहास पाहणार आहोत.

आधी भाषेकडे पाहू. मराठीत एखादा दुसऱ्यापेक्षा सरस ठरला की तो 'उजवा' ठरतो, कमी पडला की 'डावा'. एखाद्याला बाजूला सारलं की आपण म्हणतो, त्याला 'डावललं'. पक्षपात केला की 'डावं-उजवं' केलं. म्हणजे डाव्या हाताला काय स्थान द्यायचं हे भाषेनंच ठरवून टाकलंय. घरोघरी जेवताना, प्रसाद घेताना, पाटीवर अक्षर गिरवताना मुलाचा डावा हात मागे ओढला जायचा. काही घरांत अजूनही ओढला जातो. जगात साधारण दहा टक्के माणसं डावखुरी असतात. दहांत एक, ही काही लहान संख्या नाही. या सभागृहात शंभर माणसं असतील तर दहाएक डावखुरी असायला हरकत नाही.

पण सगळ्याच वस्तूंना डावं-उजवं नसतं. क्रिकेटची बॅट घ्या. अजित वाडेकर डावखुरे फलंदाज होते. 1971 साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारतानं वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या. त्यांना बॅट वेगळी घडवून घ्यावी लागली नाही, कारण बॅटीला दोन्ही बाजू सारख्या. तबल्याचंही तसंच: डावखुरा वादक दायाँ आणि डग्गा यांची जागा बदलतो आणि बसतो. तंबोऱ्यालाही फारशी अडचण नाही. चारच तारा, पडदे नाहीत, दाबायचं काही नाही. फार तर तारांचा क्रम बदलून घ्यावा लागतो.

गिटार मात्र तशी नाही. कोणी विचारेल, तारा उलट्या क्रमानं लावल्या की झालं, त्यात काय एवढं? हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गिटारीच्या मानेच्या टोकाला एक छोटी पट्टी असते, तिला नट म्हणतात. तिच्यातल्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात. जाड तार बारीक खाचेत बसत नाही आणि बारीक तार रुंद खाचेत खुळखुळते. दुसऱ्या टोकाला, ब्रिजवर, तारा टेकतात ती पट्टी म्हणजे सॅडल. स्टीलच्या तारांच्या गिटारीत ती थोडी तिरपी बसवलेली असते. जाड तार दाबली की तिचा सूर जास्त चढतो, म्हणून तिची लांबी किंचित जास्त ठेवावी लागते. तारा उलटवल्या की हा तिरपेपणा नेमका उलटा पडतो आणि वरच्या पट्ट्यांत सूर बेसूर होतात. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. वरच्या फळीच्या आत लाकडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. अनेक गिटारींमध्ये त्या दोन्ही बाजूंना सारख्या नसतात, खर्जाची बाजू आणि टिपेची बाजू वेगळी धरून त्या बसवलेल्या असतात. शिवाय मानेच्या कडेवरच्या खुणेच्या ठिपक्या, वरच्या पट्ट्यांपर्यंत हात पोचावा म्हणून अंगाला कापलेली खोबण, इलेक्ट्रिक गिटारीची बटणं, हे सगळं एकाच हाताला धरून केलेलं असतं. थोडक्यात, गिटार दिसते सरळ, पण असते उजवी.

मग जगातल्या डावखुऱ्या वादकांनी काय केलं? तीन वाटा दिसतात.

पहिली वाट एलिझाबेथ कॉटन यांची. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या या कृष्णवर्णीय बाई. लहानपणी त्यांनी भावाचा बँजो उचलला, तो उजव्या हाताचा. तारा न बदलता तो उलटा धरला आणि तशाच शिकल्या. पुढे गिटारही तशीच वाजवली. खर्जाच्या तारा बोटांनी आणि चालीच्या तारा अंगठ्यानं, म्हणजे इतर सगळ्यांच्या उलट. त्यातून जी ढब तयार झाली तिला त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. अडचणीतून शैली जन्मली हे खरं, पण असं एखाद्याच्याच बाबतीत होतं हेही विसरू नये.

दुसरी वाट बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींची. त्यांना सुरुवातीला गिटार जमेना. स्लिम व्हिटमन हा डावखुरा गायक-वादक पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की वाद्य उलटंही धरता येतं. मग त्यांनी आपल्या उजव्या हाताच्या गिटारीच्या तारा उलट्या लावून घेतल्या. 1961 साली हॅम्बुर्गमध्ये त्यांनी हॉफनर कंपनीचा बेस घेतला. व्हायोलिनच्या आकाराचा, दोन्ही अंगांनी सारखा. असं वाद्य डाव्या हातात धरलं तरी विचित्र दिसत नाही, हे त्यांना आवडलं होतं.

जिमी हेंड्रिक्सनंही उजव्या हाताच्या गिटारी उलट्या धरून, तारा डाव्या हाताप्रमाणे लावून वाजवल्या. 1969 च्या वुडस्टॉक महोत्सवातली त्याची पांढरी स्ट्रॅटोकास्टर अशीच होती. त्यामुळे तिरपा पिकअप उलटा पडला आणि खर्जाच्या तारांचा आवाज जरा धारदार, टिपेच्या तारांचा जरा मऊ झाला. आज लोक तो आवाज मुद्दाम विकत घेतात. बाजारानं डावललेल्या माणसाची तडजोड बाजारानंच पुढे माल म्हणून विकली.

तिसरी वाट मार्क नॉफ्लरची. डावखुरा, पण उजव्या हाताची गिटार उजव्या हातानंच शिकला. या वाटेचे समर्थक म्हणतात, गिटारीत डाव्या हाताला तारा दाबण्याचं अवघड काम असतंच, मग डावखुऱ्याला फायदाच नाही का? शिवाय डावखुरा पियानो कोणी मागत नाही. यात तथ्य आहे. पण लय जी आहे ती तार छेडणाऱ्या हातात असते आणि ज्याची लय डाव्या हातात आहे, त्याला उजव्या हातानं ती धरताना ओढाताण होते. काहींना जमतं, काहींना नाही. जमलं नाही म्हणजे मुलाच्या अंगात संगीत नाही, असा निष्कर्ष आपण फार लवकर काढतो. अशी किती मुलं क्लास सोडून घरी बसली असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता बाजाराकडे वळू. मुंबईत पाश्चात्त्य वाद्यांचा व्यापार जुना आहे. धोबी तलावाजवळचं फुर्टाडोज 1865 पासूनचं. पण स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं परदेशी वाद्य म्हणजे परवाना आणि जबर जकात. आपल्याकडच्या कारखान्यांत गिटारी झाल्या, त्या मुख्यतः शिकाऊ माणसाला परवडतील अशा. 1991 नंतर हळूहळू आयात खुली झाली, दुकानं भरली. डावखुऱ्याला त्याचा लाभ मात्र अर्धामुर्धाच मिळाला. का? दुकानदाराचा हिशेब साधा आहे. महाग गिटार भिंतीवर टांगली की तेवढं भांडवल अडकतं. दहा गिऱ्हाइकांत एक डावखुरा, त्यातला एखादाच महाग गिटार घेणारा. ती वर्षभर पडून राहणार. म्हणून तो ठेवत नाही. कंपनीही निवडकच मॉडेलं डाव्या हातात काढते. यात कोणाचा दुष्टावा नाही. पण परिणाम असा की डावखुऱ्याला वाद्य हातात घेऊन पारखता येत नाही. चांगली गिटार ओळखायची कशी? मान सरळ आहे का बघून, तारांची उंची बोटांना जाणवून, प्रत्येक पट्टीवर झणझण येते का ऐकून. डावखुऱ्यानं हे सगळं न करता, फोटो बघून, आधी पैसे भरायचे. न बघता वाद्य घ्यायचं म्हणजे न चाखता आंब्याची पेटी घेण्यासारखंच.

आता चला मिरजेला. 1818 ला पेशवाई बुडाली, लढाया थांबल्या आणि तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांचं काम आटलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं दुरुस्त करता करता ती घडवायला सुरुवात केली. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. गावात गाणंही होतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णू दिगंबर पलुस्कर इथेच शिकले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. गवई आणि कारागीर एकाच गावात, हाकेच्या अंतरावर. गवयानं म्हणावं, जवारी जरा खुली करा, आणि कारागिरानं घोडी घासून समोरच ऐकवावं. पंढरपूरच्या बाजूचे मोठे भोपळे, तुणीचं लाकूड आणि पिढ्यांचा कान, यावर हा धंदा उभा राहिला.

या धंद्याची रीतच अशी की वाद्य माणसासाठी घडतं. बाईचा तंबोरा वेगळा, पुरुषाचा वेगळा, कारण पट्टी वेगळी. तिथे डाव्या हाताची सतार ही आणखी एक फर्माईश. तशी ती सोपी नाही, बरं का. बाजाच्या तारेवर मींड ओढायला पडद्यावर एका अंगाला मोकळी जागा लागते, चिकारीच्या खुंट्या ठरावीक बाजूला, तरफेच्या खुंट्या दांडीच्या कडेला ओळीनं. हे सगळं आरशातल्यासारखं उलटं करायचं, म्हणजे दांडीला पहिलं भोक पाडण्याआधीच ठरवावं लागतं. तयार सतार उलटवता येत नाही. पण कारागिराला आधी सांगितलं की झालं. त्याच्यासाठी डावखुरा हा दहातला एक नसतो. तो समोर बसलेला एक माणूस असतो.

मंडळी, सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर आम्हाला इथे दिसतं. डावखुऱ्याची अडचण त्याच्या हातात नाही, वाद्य कोणत्या क्रमानं जन्माला येतं त्यात आहे. मिरजेत आधी माणूस येतो, मग वाद्य. कारखान्यात आधी वाद्य तयार होतं आणि मग त्यासाठी माणूस शोधला जातो. जो साच्यात बसत नाही, तो उरतो. कारखान्यानं गिटार स्वस्त केली, आपल्या खेड्यापाड्यांत पोचवली, हे मोठंच काम. पण त्याची किंमत कोणीतरी मोजतं.

आणि मिरजेच्या रीतीचं तरी पुढे काय? 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट. पण इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मोबाइलमधला तंबोरा आला, आणि बापाच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं कान तयार करायला पुढची पिढी राजी असेलच असं नाही. हे हात थांबले तर मिरज फक्त तंबोऱ्याला मुकेल असं नाही. 'आम्हाला असं हवं' म्हणून सांगण्याची जागाच जाईल. मग सतारीच्या दुकानातही एकच हात उरेल.

शेवटी पालकांसाठी थोडं व्यवहाराचं. मूल डावखुरं असेल तर गिटार घेण्याआधी त्याला नुसती टाळी, ठेका धरायला सांगा, झाडू हातात देऊन गिटारीसारखा वाजव म्हणा. कोणता हात आपणहून छेडायला जातो ते बघा. दोन्ही हात सारखे वाटले तर उजव्या हाताची गिटार शिकू द्या, पुढे निवड भरपूर मिळेल. हात ठामपणे डावा असेल तर त्याला ओढू नका. नायलॉनच्या तारांची, दोन्ही अंगांनी सारखी गिटार घेऊन जाणकार कारागिराकडून नट आणि सॅडल बदलून घेता येतात, हा स्वस्तातला मार्ग. मागवलेली गिटार आली की प्रत्येक तार बाराव्या पट्टीवर दाबून वाजवा आणि तिथेच हलकं बोट टेकवूनही वाजवा. दोन्ही सूर जुळले नाहीत तर परत पाठवा, किंवा परतीची मुदत संपण्याआधी दुरुस्त करून घ्या. आणि शिक्षकांनो, एक विनंती. डावखुरा विद्यार्थी समोर बसला तर तो आरशासारखा दिसतो. बघून शिकायला त्याला ते सोपंच जातं. त्याला वर्गाबाहेर काढायचं कारण नाही.

आपल्या घराघरांत बसवतो तो गणपती बहुतेक डाव्या सोंडेचा असतो. देवाचा डावेपणा आपण आनंदानं घरात घेतो. तेवढीच जागा पोरांच्या डाव्या हाताला द्यावी, एवढंच आमचं म्हणणं. आता प्रश्न विचारा, हात कोणताही वर केलात तरी चालेल.