सी ड्राइव्ह फुल झाला? जुने सिस्टीम रिस्टोर पॉइंट असे काढा

मोबाईलचं स्टोरेज भरलं की आपण व्हॉट्सॲपचे व्हिडिओ डिलीट करून मोकळे होतो. लॅपटॉपचं तसं नसतं. फोटो, पिक्चर सगळं काढलं तरी सी ड्राइव्ह लालच दिसतो. अशा वेळी मी आधी सिस्टीम रिस्टोरने किती जागा घेतली आहे ते बघतो.

रिस्टोर पॉइंट म्हणजे काय?

नवीन ड्रायव्हर किंवा अपडेट टाकण्याआधी विंडोज बऱ्याचदा सिस्टीम फाइल्स, रजिस्ट्री आणि सेटिंग्जची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवतं. हाच रिस्टोर पॉइंट. पुढे काही बिघडलं तर लॅपटॉप त्या स्थितीला परत नेता येतो. ही सोय २००० साली विंडोज एमईपासून आली. हा डेटा 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतो, म्हणून शोधूनही सापडत नाही. त्या फोल्डरमध्ये जाऊन हाताने फाइल्स उडवू नका. खाली दिलेला मार्गच वापरा.

आधी तपासा

स्टार्ट मेनूमध्ये 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' शोधून उघडा. सी ड्राइव्ह निवडून 'कॉन्फिगर' दाबा. 'करंट युसेज'समोर वापरलेली जागा दिसेल. तिथे आकडा अगदी छोटा असेल किंवा प्रोटेक्शन 'ऑफ' असेल, तर तुमची जागा दुसरीकडेच गेली आहे. मग हे करून फारसा फायदा नाही.

जागा कशी मोकळी करायची?

१. लॅपटॉप नीट चालतोय ना, याची खात्री करा. मग त्याच खिडकीत 'क्रिएट' दाबून नवा रिस्टोर पॉइंट बनवा.
२. स्टार्टमध्ये 'डिस्क क्लीनअप' उघडा आणि सी ड्राइव्ह निवडा.
३. 'क्लीन अप सिस्टीम फाइल्स' दाबा. हे केल्याशिवाय पुढचा टॅब दिसत नाही.
४. 'मोअर ऑप्शन्स' टॅबमध्ये 'सिस्टीम रिस्टोर अँड शॅडो कॉपीज' खाली 'क्लीन अप' दाबा.
५. 'डिलीट' म्हणा. सगळ्यात नवा पॉइंट राहतो, बाकीचे जातात.

पहिली पायरी गाळू नका. शेवटी एकच पॉइंट उरणार आहे. तो बिघडलेल्या अवस्थेतला असेल, तर त्याचा उपयोग शून्य.

'कॉन्फिगर'मध्येही एक 'डिलीट' बटण आहे. ते त्या ड्राइव्हचे सगळेच पॉइंट उडवतं, नवासुद्धा. दोन्हीत गल्लत करू नका.

पुन्हा भरू नये म्हणून

'कॉन्फिगर'मधल्या 'मॅक्स युसेज' स्लायडरने मर्यादा ठरवा. मर्यादा गाठली की विंडोज जुने पॉइंट स्वतःच काढतं. जागा कमी आहे म्हणून प्रोटेक्शन पूर्ण बंद करू नका, असं माझं मत. एखादा ड्रायव्हर फसला तर हाच पॉइंट कामी येतो.

हे लक्षात ठेवा

रिस्टोर पॉइंट हा तुमच्या फोटोंचा किंवा प्रोजेक्टचा बॅकअप नाही. त्यामुळे जुने पॉइंट काढले तरी सध्याच्या फाइल्स जागेवरच राहतात. मात्र त्या पॉइंटसोबत फाइल्सच्या जुन्या आवृत्त्या साठवलेल्या असतील, तर त्याही जातात. चुकून बदललेली एखादी फाइल परत हवी असेल, तर आधी तिच्या 'प्रॉपर्टीज'मधला 'प्रीव्हियस व्हर्जन्स' टॅब बघा. साफसफाई त्यानंतर.