स्नायुक ऊर्फ नारू व पायऱ्यांच्या विहिरी

नारू हा रोग आपल्या देशांत आतां राहिलेला नाहीं. त्याचा शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें राजस्थानांतील जोधपूर जिल्ह्यांत आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें हिंदुस्थान नारूमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र दिलें. राज्यें बुडालीं म्हणजे त्यांचा इतिहास लिहिला जातो. रोग बुडाला तर त्याचा इतिहास लिहिण्याची मात्र आपल्याकडे चाल नाहीं. नारूच्या बाबतींत ती पाडणें अवश्य आहे, कारण ह्या रोगाच्या इतिहासांत एक कोडें आहे. कृमि शरीरांत कोणत्या मार्गानें शिरतो याचा उलगडा १८७० च्या सुमारास झाला. मुंबईत परळ येथें त्याचा माणसांवर पडताळा १९१३ च्या सुमारास घेण्यांत आला. त्यावर उपाय म्हणून कोणतेंही मौल्यवान औषध लागत नव्हतें. एक फडकें व एक रहाट एवढें पुरें होतें. असें असतां रोग जाण्यास आणखी ऐंशी वर्षांहून अधिक काळ कां लागावा?

प्रथम शब्दाचा विचार करूं. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत ‘स्नायुक’ हें रोगनाम नाहीं. वृंदाच्या सिद्धयोगांत तें येतें, पुढें भावप्रकाशांत व योगरत्नाकरांत त्याचें निदान व चिकित्सा दोन्ही आहेत. संस्कृतांत ‘स्नायु’ म्हणजे शीर अथवा दोरीसारखा शरीरांतील बंध. पाली भाषेंत त्याचें रूप ‘नहारु’ व प्राकृतांत ‘ण्हारु’. हिंदींतील ‘नहरुआ’ हा शब्द व आपला ‘नारू’ हे ह्याच मार्गानें आले, हें उघड दिसतें. कानडीमध्यें ‘नारु’ म्हणजे तंतु, झाडाच्या सालीचा धागा. त्या शब्दानें आपल्या शब्दाचें रूप पक्कें होण्यास मदत केली असेल, परंतु हिंदींतील हकार कानडीवरून उलगडत नाहीं, तो ‘ण्हारु’वरूनच उलगडतो. आमचें अनुमान असें कीं, हा शब्द आधीं शेतकऱ्याच्या तोंडीं होता व वैद्यकग्रंथकारांनीं त्यास मागाहून संस्कृत वेष चढविला. प्राचीन संहितांत नाम नसावें आणि उत्तरकालीन ग्रंथांत तें एकाएकीं यावें, याची उपपत्ति त्यायोगें नीट लागते.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील पन्नासाव्या सूक्तांत नारूचा उल्लेख आहे असें कांहीं युरोपीय लेखकांनीं लिहिलें आहे, व तें वाक्य एका ग्रंथांतून दुसऱ्यांत उतरत आलें आहे. तेथें ऋषि मित्रावरुणांजवळ अशी प्रार्थना करतो कीं, ‘त्सरु’ने आपल्या पायास इजा करूं नये. ‘त्सर्’ धातूचा अर्थ कपटानें, लपत सरपटणें असा आहे, आणि सायणाचार्य येथें सर्प असाच अर्थ घेतात. त्या सूक्तांत विषाचाही प्रसंग आहे. पायाचें नांव निघालें एवढ्यावरून नारूची प्राचीनता वेदकालापर्यंत नेणें हा अभिमान झाला, प्रमाण नव्हे. ज्यास प्राचीन साक्ष पाहिजेच त्यानें तांबड्या समुद्राच्या कांठच्या लोकांविषयींचा अगाथार्किदीसाचा मजकूर पाहावा. प्लुटार्काने तो जतन केला आहे, आणि त्या लोकांच्या पायांतून व हातांतून बाहेर पडणारे लहान सर्प हे नारूखेरीज दुसरें कांहीं नसावेत.

आतां भावप्रकाशांतील वर्णन पाहा. हातपायांत दोष कुपित होऊन विसर्पासारखी सूज येते, ती फुटते, व्रण होतो, आणि त्यांतून पांढरा वाटोळा तंतु हळूहळू बाहेर पडूं लागतो. तो पडून गेला म्हणजे सूज उतरते, पण पुन्हा अन्य ठिकाणीं उद्भवते. हलगर्जीपणानें तो तुटला तर अवयव आखडतो व मनुष्य लंगडा होतो. हें वर्णन ग्रंथकारानें रोग्याजवळ बसून केलेलें आहे यांत आम्हांस संशय नाहीं. दोषप्रकोपाची परिभाषा वापरीत असतांही त्या तंतूस तो जंतूच समजतो, हेंही ध्यानांत घेण्यासारखें आहे. चिकित्सा म्हणून तीन दिवस गाईचें तूप व पुढें तीन दिवस निर्गुंडीचा रस सांगितला आहे. नसावें फक्त एकच, आणि तें म्हणजे पाण्याचें नांव.

याचा दोष ग्रंथकारास देणें अन्यायाचें होईल. कृमि पोटांत गेल्यापासून पायांतून तोंड काढीपर्यंत सुमारें एक वर्ष लोटतें. ताप आज आला तर काल काय खाल्लें हें मनुष्य आठवूं शकतो. गेल्या वैशाखांत कोणत्या विहिरीचें पाणी प्यालों हें कोण आठवणार? कारण व कार्य यांच्यामध्यें एक अख्खा पावसाळा, एक सुगी व एक हिवाळा उभा असतो. शिवाय गांवांतील सर्वच लोक तेंच पाणी पीत, व त्यांपैकीं कित्येकांस कांहींच होत नसे.

शास्त्रीय शोधाचा आरंभ आपल्या प्रांतांत सैन्यांतील डॉक्टरांनीं केला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कंपनीच्या पलटणींतील शिपाई नारूनें महिनोन्‌महिने जायबंदी होत, व त्यांची हजेरी रोजच्या रोज लिहिली जात असे. खेड्यांतील कुणबी पेरणीच्या वेळीं खाटेवर पडला तर त्याची हजेरी लिहिणारा कोणी नव्हता. ह्या रोगावरील जुने इंग्रजी निबंध वाचतांना हा भेद विसरूं नये. त्या शतकाच्या मध्यास मुंबईतील सर्जन हेन्री जॉन कार्टर यांनीं तळ्यांच्या गाळांत सांपडणाऱ्या सूक्ष्म कृमींचा नारूशीं संबंध जोडला. ते कृमि कातडींतून शिरत असावेत असा त्यांचा तर्क होता. तर्क चुकला, परंतु बोट पाण्याकडे वळलें.

खरा उलगडा रशियन संशोधक फेडचेन्को यांनीं तुर्कस्तानांत केला. नारूच्या मादीच्या पोटांतील सूक्ष्म अळ्या पाण्यांतील सायक्लॉप्स नांवाच्या जीवाच्या शरीरांत शिरून तेथें वाढतात, हें त्यांनीं १८७० च्या सुमारास प्रत्यक्ष पाहिलें. सायक्लॉप्स हा एक-दोन मिलिमीटर लांबीचा, झिंग्याच्या कुळांतील प्राणी. उजेडाकडे पेला धरला असतां हलणाऱ्या कणासारखा दिसतो. पुढें लायपर यांनीं अशा सायक्लॉप्सनें दूषित केळीं माकडास चारलीं व सहा महिन्यांनीं त्याच्या शरीरांत नारूचे कृमि दाखविले. हा प्रयोग १९०७ मध्यें प्रसिद्ध झाला. पोटांतील जठररसासारख्या सौम्य आम्लांत सायक्लॉप्स मरतो, पण आंतील अळी मोकळी होऊन चपळ बनते, हेंही त्यांनींच दाखविलें. माणसावरील पडताळा मात्र परळ येथील प्रयोगशाळेंत झाला. १८९९ मध्यें हाफकिन यांनीं प्लेगसंशोधनासाठीं काढलेली ही संस्था १९०६ पासून मुंबई बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी म्हणून ओळखली जाई, व १९२५ मध्यें तिला हाफकिन यांचें नांव मिळालें. तेथें डॉ. तर्खड यांनीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांना दूषित सायक्लॉप्स पाजले, आणि सुमारें वर्षभरानें नारू उद्भवला. ज्यांनीं तें पाणी जाणून-बुजून प्यालें त्यांचीं नांवें जगास ठाऊक नाहींत, आणि तर्खडांचें नांवही परकीय ग्रंथांच्या याद्यांतून इंग्रजी आद्याक्षरांसह तेवढें उरलें आहे. प्लेगवरील लसीमुळें परळचें नांव सर्वतोमुखीं झालें, पण खेड्यांच्या दृष्टीनें हा दुसरा शोध कमी मोलाचा नव्हता.

याप्रमाणें रोगाचें चक्र पुरें झालें. नारूची पूर्ण वाढलेली मादी साठ सेंटिमीटरपासून मीटरभर लांबीची असते. ती बहुधा गुडघ्याखालीं फोड आणते. त्या फोडाची आग असह्य होते व रोगी पाय पाण्यांत बुडवितो. पाण्याचा स्पर्श होतांच मादी सहस्रावधि अळ्या सोडते. सायक्लॉप्स त्या गिळतात, सुमारें दोन आठवड्यांत अळी पक्व होते, आणि तें पाणी न गाळतां पिणारा पुढल्या वर्षाचा रोगी ठरतो. वाहत्या नदींत हें चक्र टिकत नाहीं, दोरानें शेंदण्याच्या विहिरींत टिकत नाहीं. कारण तेथें कोणाचा पाय पाण्यास लागत नाहीं. तें टिकतें तळ्यांत व पायऱ्यांच्या विहिरींत. उन्हाळ्यांत पाणी खालच्या पायरीस जातें, थोडें उरतें, सायक्लॉप्स त्यांत दाटतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत गेल्या उन्हाळ्याचे नारू पायांतून बाहेर पडत असतात.

वापी, कूप, तडाग बांधणें हें आपल्याकडे पूर्तधर्माचें मोठें अंग. बारव बांधणाऱ्यानें वाटसरूस पाण्यापर्यंत जातां यावें, दोर-पोहरा नसला तरी ओंजळीनें पितां यावें, म्हणून पायऱ्या केल्या. त्या पुण्यकर्माच्याच वाटेनें रोग खालीं उतरला. साताऱ्याजवळील लिंब येथें शके १६४१ ते १६४६ मध्यें विरूबाई भोसले यांनीं बांधविलेली बारा मोटांची विहीर पाहिली म्हणजे हा विचार स्पष्ट होतो. वर मोटांचीं ठिकाणें, खालीं पायऱ्यांचा मार्ग. पाणी घेण्याच्या दोन्ही रीति एकाच वास्तूंत आहेत. मोटेनें वर आलेल्या पाण्यांत कोणाचा पाय बुडत नाहीं, पायऱ्यांनीं उतरून घेतलेल्या पाण्यांत तो बुडूं शकतो. त्या विहिरींत नारू होता असें आम्ही म्हणत नाहीं. केवळ रचनेचा भेद डोळ्यांपुढें यावा म्हणून हें उदाहरण घेतलें.

त्या पायऱ्यांवर बंदी कोणास होती हेंही येथें सांगितलें पाहिजे. अस्पृश्य मानलेल्यांस तेथें पाऊल ठेवण्याची मनाई होती. सार्वजनिक पाणवठे त्यांस खुले असावेत हा मुंबई कायदेमंडळाचा ठराव १९२३ चा, आणि महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. ज्याच्या पायांतून नारू लोंबत आहे असा सवर्ण मनुष्य खुशाल पाण्यांत उतरे, व त्यानें पाणी बाटलें असें कोणासही वाटत नसे. विटाळाची एवढी बारीक मीमांसा करणाऱ्या समाजास खरा विटाळ कधींच दिसला नाहीं. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत वस्त्रानें गाळलेलें पाणी प्यावें असें सांगितलें आहे, परंतु तो नियम यतीसाठीं, व त्याचा हेतु पाण्यांतील जीव वांचविण्याचा. जैन गृहस्थांनीं हा आचार घरोघर पाळला. दाट विणीचें फडकें सायक्लॉप्सला अडवितें, म्हणून अहिंसेसाठीं गाळलेलें पाणी गाळणाऱ्यासही वांचवीत होतें.

आरंभींच्या कोड्याचें उत्तर यांतच आहे. मुंबईस १८६० मध्यें विहार तलावाचें पाणी नळानें आलें. खेड्यांत तसें कांहीं आलें नाहीं. औषध असतें तर तें बाटलींत भरून पाठवितां आलें असतें. येथें विहिरीचा आकार बदलावयाचा होता, आणि तो बदलण्याचा खर्च ज्या गांवांनीं करावयाचा तीं सर्वांत दरिद्री व सर्वांत कोरडीं होतीं. बुखाऱ्यास हाच रोग ‘रिश्ता’ म्हणजे धागा या नांवानें प्रसिद्ध होता. तेथें इसायेव यांनीं नगरांतील हौद उपसून, पाण्याची सोय बदलून १९३१ पर्यंत तो नाहींसा केला. आपल्याकडे म्हैसूर संस्थानांतील चितळदुर्ग भागांत मूर्ती यांनीं त्याच दशकांत सायक्लॉप्स खाणारे मासे विहिरींत सोडून पाहिले. प्रयोग यशस्वी होता, पण प्रयोगच राहिला. सबंध देशासाठीं मोहीम निघाली ती १९८३-८४ मध्यें. त्या वेळीं राजस्थान, मध्यप्रदेश, गुजराथ, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र व तामिळनाडू अशा सात राज्यांत मिळून सुमारें ४० हजार रोगी मोजले गेले. कार्यकर्ते घरोघर हिंडले, पायऱ्या बुजवून विहिरींवर रहाट बसविले, हातपंप खोदले, पाण्यांत टेमेफॉस घातलें, गाळण्या वांटल्या. तर्खडांच्या काळीं जें ठाऊक होतें त्याहून ह्या उपायांच्या मूळ तत्त्वांत फारसें नवें नव्हतें. नवें होतें तें एवढेंच कीं, आतां खेड्यांतील रोग्याचीही हजेरी लिहिली जाऊं लागली; बारा-तेरा वर्षांत काम झालें. जगांत १९८६ मध्यें सुमारें ३५ लक्ष लोकांना नारू होत असे. २०२३ मध्यें १४ मानवी रोगी नोंदले गेले. आफ्रिकेंत चाडसारख्या देशांत तो कुत्र्यांत आढळूं लागल्यामुळें त्याचें उच्चाटन मात्र लांबलें आहे.

सांप्रत महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं बारवांची मोजणी व साफसफाई उत्साहानें चालू आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या मंडळींस एक विनंति. एखाद्या बारवेच्या पायऱ्या दगडमातीनें बुजविलेल्या, अथवा तोंडावर कठडा बांधून रहाट बसविलेला आढळल्यास, ती अलीकडची मोडतोड समजून खरडून टाकूं नये. तें काम कोणत्या सालीं झालें, खर्च कोणी केला, व त्यापूर्वीं गांवांत नारू होता काय, हें गांवच्या वृद्धांस विचारून आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरांत पाहून मोजमापाच्या कागदावर टिपून ठेवावें. ज्यांच्या पायांतून नारू काडीवर गुंडाळून काढला गेला अशीं माणसें आज सत्तरी-ऐंशींत आहेत.