तबकडीची दुकाने

मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गिरण्या मोजल्या, चाळी मोजल्या, नाटकगृहांच्या वंशावळी लावल्या. रेकॉर्डच्या दुकानांना मात्र त्या वहीत फारसे पान मिळाले नाही. गिरगाव, ऑपेरा हाउस, लॅमिंग्टन रोड, फोर्ट, दादर अशा जागी ही दुकाने होती, आणि मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांचा कान त्यांनी घडविला. आज त्यांतली बहुतेक नाहीशी झाली आहेत.

या कथेचा आरंभ कलकत्त्याला होतो. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्ग यांनी गौहरजानचे गाणे तिथे मुद्रित केले. तबकड्या छापायच्या त्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. हा आवाज कोणाचा, हे तिकडच्या कारागिरांना कळावे म्हणून गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव सांगून मोकळी होई. गंमत अशी की, तबकडीत मुख्य माल लाखेचा, आणि लाख आपल्याकडची! पळस-कुसुमाच्या फांद्यांवर किड्यांनी धरलेली लाख दगडाच्या भुकटीत नि काजळीत मिसळून ही काळी चकती होई. लाख इथली, गळा इथला, ऐकणारेही इथलेच. छपाई तेवढी सातासमुद्रांपलीकडची. पुढे १९०८ साली सियालदहला कारखाना निघाला, १९२८ साली दमदमला मोठा निघाला, आणि हा प्रवास वाचला. १९३५ साली मुंबईनेही आपला छाप काढला. 'यंग इंडिया' त्याचे नाव. वडाळ्याच्या कारखान्यातून तो वीसेक वर्षे निघत होता.

ग्रामोफोन सुरुवातीला बरेचदा घड्याळाच्या दुकानात मिळे. यात नवल नाही. दोन्ही यंत्रे चावीची, दोहोंच्या पोटात स्प्रिंग, आणि बिघडली की हात लावणारा कारागीरही बहुधा एकच. दादरच्या 'महाराष्ट्र वॉच अँड ग्रामोफोन कंपनी'ने तर हे नाते नावातच बांधून टाकले होते. दुकानात तबकड्या असत, तशा पोलादी पिनांच्या चिमुकल्या डब्याही असत. एका बाजूला एक पिन, असा तो खर्च होता. बोथट पिनेने गाणे वाजविणारा माणूस दुकानदाराच्या मते माणसांत जमा नसे.

परंतु ही दुकाने निव्वळ व्यापार करीत नव्हती. त्या काळी उत्तम गाणे ऐकायचे तर बैठकीला जावे लागे, आणि बैठकीचे दार पांढरपेशा घरातल्या बायकांना बंद होते. गाणाऱ्या बाईला घरात बोलावणे तर दूरच, तिचे नावही मोठ्यांदेखत उच्चारायची सोय नव्हती. माझी आजी सांगत असे की, तिच्या सासऱ्यांनी गाणारणीला घराचा उंबरठा ओलांडू दिला नसता. तिची तबकडी मात्र त्यांनी स्वतः पिशवीतून आणली आणि कपाटात पोथ्यांच्या शेजारी ठेवली. दुपारी पुरुषमंडळी कामावर गेली की घरातल्या बायका ती लावीत. ज्या आवाजाला समाजाने दाराबाहेर उभे केले होते, तो असा कागदी वेष्टनात गुंडाळून माजघरापर्यंत पोचला. ही किमया दुकानदाराच्या गल्ल्यावर घडली, आणि तिचा गाजावाजा कोणी केला नाही.

तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तासभर आळवायचा राग एवढ्यात बसवायचा म्हणजे समुद्र तांब्यात भरण्यासारखेच. जाणकार यावर नाके मुरडीत. पण अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, आणि त्यानंतरही चाळीतल्या माणसाला त्यांचा सूर ऐकता आला तो याच तांब्यातून. ज्याला बैठकीची पायरी चढायची भीती वाटे, त्याचे गाण्याचे शिक्षण इथे झाले.

दुकानदाराला काय ठाऊक नसे! चित्रपटांच्या जुन्या तबकड्यांवर गायिकेऐवजी पात्राचे नाव छापण्याची चाल होती. 'महल' (१९४९) मधल्या ज्या गाण्याने लता मंगेशकरांचे नाव देशभर झाले, त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापले होते 'कामिनी'. हे चित्रपटातल्या पात्राचे नाव. अशा वेळी गिऱ्हाइकाने विचारायचे कोणाला? दुकानदारालाच.

१९४८ साली अमेरिकेत लाँगप्ले तबकडी निघाली. ती लाखेची नव्हे, विनाइलची. सहज न फुटणारी, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे गाणारी. काही वर्षांत ती इकडे आली आणि रागाला पाय पसरायला जागा मिळाली. काळा घोड्यावरचे 'ऱ्हिदम हाउस' तिच्यासाठी विशेष गाजले. गाणे आधी ऐकून मग घ्यावे म्हणून तिथे छोट्या खोल्या केलेल्या होत्या. मी तिथे जाऊ लागलो ते १९९० नंतर, कॅसेटच्या दिवसांत. खिशात रेल्वेच्या पासाखेरीज फारसे काही नसे. तरी तासभर उभे राहून ऐकावे, शेजारच्या वृद्ध पारशी गृहस्थाने काय मागितले ते कान देऊन टिपावे, आणि हात हलवीत परत यावे. 'घेणार काय?' असे मला कोणी विचारले नाही. विकत न घेणाऱ्यालाही ऐकू देणारे दुकान! व्यवहाराच्या पुस्तकात हे बसत नाही. शहराच्या पुस्तकात बसते.

या दुकानांना प्रथम धक्का दिला तो कॅसेटने. फिलिप्सने ती १९६३ साली काढली. १९८० नंतर आपल्याकडे स्वस्त कॅसेटींचा पूर आला. मग गाणे पानपट्टीवर नि वह्या-पुस्तकांच्या दुकानात मिळू लागले. तिथे सल्ला लागत नव्हता, सुटे पैसे लागत होते. मागून सीडी आली, तिच्यामागून मोबाइल. २०१६ साली 'ऱ्हिदम हाउस' बंद झाले. जुन्या तबकड्यांचे ढीग चोरबाजारात गेले. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'च्या मंडळींसारख्या छांदिष्टांनी त्यांतले पुष्कळ वाचविले, हे आपले भाग्य.

गाणी काही हरवली नाहीत, असे कोणी म्हणेल. ते बव्हंशी खरेच आहे. मात्र मोबाइल आपल्याला आवडलेल्यासारखेच पुन्हा पुन्हा पुढे करतो, आणि दुकानात दुसऱ्याची आवड कानावर पडे. माझ्या वर्गातल्या मुलांना मी एकदा विचारले, 'अनोळखी माणसाच्या आवडीचे गाणे तुम्ही शेवटचे कधी ऐकलेत?' मुले एकमेकांकडे पाहू लागली. एकाने 'मिरवणुकीत' म्हटले, आणि वर्ग हसला.

दिवाळीची साफसफाई करताना कुणाच्या माळ्यावर जुन्या तबकड्या निघाल्या असतील, तर त्या रद्दीवाल्याला देण्याआधी त्यांचे कागदी वेष्टन एकदा नीट पाहा. त्यावर पुष्कळदा दुकानाचे नाव नि पत्ता छापलेला असतो. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा की, ही कोणी आणली, कोणत्या दुकानातून, आणि पहिल्यांदा लावली तेव्हा घरात कोण कोण होते. उत्तर मिळाले तर ते वेष्टनाच्या मागेच लिहून ठेवा. या दुकानांचा इतिहास कुठे उरला असेल, तर तो अशाच वेष्टनांवर.