बदललेल्या इंजिनाला वाईडबँड सेन्सर बसवताना : जागा, वायरिंग आणि ई-२० चा हिशेब

बुऱ्हाणपूर : गाडीला टर्बो चढवला, इंजेक्टर बदलले किंवा इसीयू रिमॅप केला, की पहिला प्रश्न एकच असतो. इंजिनात हवा आणि पेट्रोल कोणत्या प्रमाणात जळतंय? कानाने हे कळत नाही. सायलेन्सरचा रंग आणि प्लगची टोकं पाहून अंदाज बांधणारे जुने मिस्त्री आपल्याकडे आहेत, पण तो अंदाज गाडी थांबल्यानंतरचा. बूस्ट चढलेला असताना मिश्रण पातळ झालं तर इंजिनात नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आत येणारी हवा आधीच तापलेली असते, म्हणून आपल्या भागात चुकीला जागा आणखी कमी.

गाडीत कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर असतोच, मग दुसरा कशाला? बऱ्याच जुन्या गाड्यांतला सेन्सर नॅरोबँड असतो. तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान उडी मारतो आणि मिश्रण पेट्रोलकडे झुकलंय की हवेकडे, एवढंच सांगतो. किती झुकलंय ते सांगत नाही. रोजच्या चालण्याला ते पुरतं. फुल थ्रॉटलला बहुतेक इसीयू त्याचं ऐकणंच सोडून देतात आणि आत भरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल टाकतात. नेमकी तिथेच वाईडबँडची गरज पडते. तो मिश्रणाचा खरा आकडा देतो. बाजारात बॉशचा एलएसयू ४.९ सर्वांत जास्त दिसतो. एईएम, इनोव्हेट अशा कंपन्यांच्या मीटरसोबत साधारण तोच येतो. बीएस-६ च्या अनेक गाड्यांत पुढचा सेन्सर कंपनीनेच वाईडबँड दिलेला असतो, तेव्हा खर्च करण्याआधी आपल्या गाडीत काय आहे ते पाहून घ्या.

आता जागा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी हवा, कारण कन्व्हर्टरनंतर वायूच बदललेला असतो. टर्बो असेल तर टर्बोच्या पुढे, डाऊनपाइपवर बसवा. टर्बोच्या आधी दाब आणि उष्णता दोन्ही जास्त असतात, तिथे आकडा चुकतो आणि सेन्सरही लवकर जातो. टर्बोच्या तोंडापासून साधारण दोन-तीन फूट अंतर ठेवावं. एलएसयू ४.९ ला वायूचं तापमान ९३० अंशांपर्यंत चालतं, पण रोज तिथवर नेलं तर तो फार दिवस टिकणार नाही.

सेन्सर पाइपाच्या वरच्या बाजूला, घड्याळात दहा ते दोनच्या मध्ये यायला हवा आणि आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर उचललेला असावा. थंड इंजिन सुरू झालं की सायलेन्सरमध्ये पाणी धरतं. आतली सिरॅमिक पट्टी ७५०-८०० अंशांपर्यंत तापलेली असते, तिच्यावर थेंब पडला की ती तडकते. खालून सेन्सर बसवून देणारे गॅरेजवाले भेटतात, कारण गाडी लिफ्टवर असताना तिथे हात सहज जातो. त्यांना स्पष्ट नाही म्हणा.

पाइपाला भोक पाडून त्यावर आटे असलेला जाड नट वेल्ड करावा लागतो. त्याला बंग म्हणतात, आटे एम १८ बाय १.५ चे. वेल्डिंग करताना सेन्सर लावून ठेवू नका. त्याच मापाचा जुना बोल्ट किंवा प्लग आत फिरवून ठेवा, म्हणजे उष्णतेने आटे वाकडे होणार नाहीत. सेन्सर ४० ते ६० न्यूटन-मीटरने आवळायचा. कंपनीची ग्रीस आट्यांवर लावलेलीच येते, ती टोकाला लागू देऊ नका. गॅस्केटसाठी सिलिकॉन सीलंट वापरायची सवय असेल तर इथे ती सोडा, सिलिकॉनची वाफ सेन्सरला विष आहे.

जागेइतकंच लीकेजही महत्त्वाचं. सेन्सरच्या आधी कुठे फट असेल, मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकत असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मीटर मिश्रण पातळ दाखवतं. ट्यूनर बिचारा पेट्रोल वाढवत जातो. सिलिंडर धुतले जातात, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं. मिसफायरचंही तसंच. एक प्लग काम करत नसेल तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि आकडा पातळ दिसतो. म्हणून मीटर पाहण्याआधी प्लग, कॉइल, गॅस्केट तपासून घ्या.

वायरिंग करताना पहिली गोष्ट, सेन्सरचा प्लग कापायचा नाही. त्या प्लगमध्येच कॅलिब्रेशनचा रेझिस्टर असतो, आणि तो प्रत्येक सेन्सरचा वेगळा. वायर लांबवायची असेल तर कंट्रोलरच्या बाजूची. हीटर बराच करंट ओढतो, तेव्हा इग्निशन चालू झाल्यावरच येणारी सप्लाय रिलेमधून द्या आणि मीटरच्या कागदावर लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज घाला. दुसरी गोष्ट अर्थिंग. मीटरचा आउटपुट इसीयूला जोडणार असाल तर दोघांची अर्थिंग एकाच जागेवर घ्या. इनोव्हेटच्या एलसी-२ मध्ये ० ते ५ व्होल्ट म्हणजे ७.३५ ते २२.३९ असं मूळ सेटिंग असतं, म्हणजे एका व्होल्टला जवळपास ३ अंक. अर्थिंगमध्ये फक्त ०.१ व्होल्टचा फरक पडला की इसीयू १३.० ला १३.३ वाचतो. डब्यावर चढवलेल्या गंजक्या बोल्टमुळे हा फरक सहज येतो.

बसवून झाल्यावर सोपी चाचणी आहे. गिअरमध्ये चालत्या गाडीचा अ‍ॅक्सिलेटर सोडला की इसीयू पेट्रोल बंद करतो. तेव्हा मीटर एकदम वरच्या टोकाला जायला हवं. गेलं नाही तर काहीतरी चुकलंय. आणि मीटर बंद पडलं तर सेन्सर तसाच पाइपात ठेवून फिरू नका. हीटर बंद असला की काजळी बसून तो संपतो. काढून तिथे प्लग लावा.

आता ई-२०. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर आलं आणि जुने आकडे फसवे झाले. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ पट हवा लागते, ई-१० ला साधारण १४.१, ई-२० ला १३.५. म्हणजे ई-१० वर ट्यून केलेल्या गाडीत ई-२० भरलं, तर त्याच इंजेक्शनला फुल थ्रॉटलवर मिश्रण चारेक टक्के पातळ होतं. ०.८५ लॅम्बडा असेल तर ते ०.८९ च्या आसपास जातं. टर्बोच्या इंजिनाला ते सुरक्षित नाही. म्हणून मीटर एएफआरवर नको, लॅम्बडावर ठेवा. मीटरवरचा १२.५ हा आकडा १४.७ च्या स्केलवर ०.८५ होतो, १३.५ च्या स्केलवर ०.९३. बुऱ्हाणपूरच्या मालकाने एक स्केल लावलं आणि इंदूरच्या ट्यूनरने दुसरं धरलं, तर फोनवर बोलता बोलता इंजिन जातं. लॅम्बडात भानगड नाही : आरामात चालताना १.०, टर्बोवर पूर्ण जोर असताना साधारण ०.७८ ते ०.८५, टर्बो नसेल तर ०.८५ ते ०.९०.

हे आकडे पाहायला इंदूर-इच्छापूर महामार्ग किंवा असीरगडचा घाट वापरू नये. डायनोवर करा. डोळे मीटरवर आणि समोर ट्रक, हे गणित जमत नाही.

कायद्याचंही ऐकून घ्या. मोजणारा सेन्सर हा फक्त मीटर आहे, प्रश्न इंजिनातल्या बदलाचा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एमपी-६८ असो की शेजारचं एमएच-१९, कायदा केंद्राचा आहे. पीयूसीमध्ये बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीचा लॅम्बडा वाढीव आरपीएमवर ०.९७ ते १.०३ मध्ये यावा लागतो. तुमचं मीटर नीट बसलं असेल तर पीयूसीवाल्याचा आकडा आणि तुमचा आकडा जवळपास सारखाच येईल.