कडकनाथचे काळे मांस : जनुक काय सांगते, काय नाही

मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूर मागे टाकून पळासनेर ओलांडले, की मध्य प्रदेशाचा बडवानी जिल्हा लागतो. तेथून वायव्येला धार, अलिराजपूर आणि झाबुआ हा भिल्ल-भिलाला समाजाचा डोंगराळ पट्टा पसरलेला आहे. कडकनाथ कोंबडीचे हे मूळस्थान. स्थानिक लोक तिला ‘कालीमासी’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात कडकनाथपालनाचे पेव फुटले. सातपुड्याला खेटून असलेल्या धुळे आणि जळगाव जिल्ह्यांना तर ही जात शेजारचीच. गावरानपेक्षाही चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या या मांसाची ओळख ग्राहक एकाच खुणेवर पटवतो, ती म्हणजे काळा रंग. ही खूण कितपत विश्वासार्ह आहे, याचे उत्तर आनुवंशशास्त्राने बऱ्याच अंशी दिले आहे.

कडकनाथची कातडी, मांस, हाडांवरील आवरण आणि आतील अवयवही काळसर असतात. रक्त मात्र लालच असते आणि अंडी फिकट बदामी. पिसांवरून तर काहीच ठरवता येत नाही, कारण या जातीत गर्द काळा, रेखांकित आणि सोनेरी असे तीन प्रकार आढळतात. साध्या कोंबडीच्या गर्भात रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी पाठीच्या बाजूने सरकत मुख्यतः पिसांपर्यंत पोहोचतात. कडकनाथमध्ये त्यांची संख्या फार वाढते आणि त्या शरीराच्या आतील भागातही शिरतात. मांसात त्या मुख्यतः स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या संयोजी ऊतीत आढळतात.

यामागील कारण 2011 मध्ये स्पष्ट झाले. कोंबडीच्या विसाव्या गुणसूत्रावर प्रत्येकी एक लाखाहून अधिक अक्षरांचे दोन तुकडे दुप्पट झालेले असून त्यांची मांडणीही उलटसुलट झाली आहे. त्यातील एका तुकड्यात ‘एंडोथेलिन-3’ हे जनुक आहे. त्याच्या जादा प्रतीमुळे रंगपेशींना वाढीचा संदेश अधिक प्रमाणात मिळतो. चीनची सिल्की, इंडोनेशियाची अयाम चेमानी, स्वीडनची स्वार्थहोना या काळ्या मांसाच्या जातींतही नेमकी हीच उलथापालथ सापडते. एवढी गुंतागुंतीची घटना वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे घडणे जवळजवळ अशक्य असल्याने या सर्वांचा उगम एकच मानला जातो. भोपाळच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी 2023 मध्ये कडकनाथच्या जनुकसंचाचा अभ्यास करून ही मांडणी अधिक नेमकेपणाने उलगडली.

खरी गोम पुढे आहे. हा बदल प्रभावी आहे, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आला तरी पिलात रंग उतरू शकतो. त्याला रोखणारे दुसरे जनुक झेड या लिंग-गुणसूत्रावर असते. पक्ष्यांत नराकडे झेडच्या दोन प्रती असतात आणि मादीकडे एकच. कडकनाथ कोंबडा पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबडीवर सोडला, तर रोधक जनुक आईकडून फक्त नर पिलांना मिळते. नर फिकट निघतात आणि माद्या गडद. हीच कोंबडी काळपट पायांची, म्हणजे रोधक जनुक नसलेली असेल, तर नर-मादी सगळीच पिले काळी निघू शकतात. बेटसन आणि पनेट यांनी सिल्की व लेगहॉर्न यांच्या संकरातून हा प्रकार विसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदवला होता. आठवडी बाजारातील काळी कोंबडी शुद्ध कडकनाथच असेल असे म्हणता येत नाही, ते यामुळेच. (ब्रॉयलरच्या पिवळ्या कातडीचीही अशीच कथा आहे. ते जनुक आपल्याकडील राखी रानकोंबड्याकडून आले, असे 2008 मध्ये आढळले.)

आता गुणवत्तेकडे. जाहिरातींत कडकनाथच्या मांसात मेद जेमतेम एक टक्का आणि इतर कोंबड्यांत 13 ते 25 टक्के, असे आकडे सर्रास छापले जातात. ही तुलना फसवी आहे. कातडी काढलेल्या ब्रॉयलरच्या छातीच्या मांसातही मेद दोन-तीन टक्क्यांच्याच आसपास असतो. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या संशोधकांना कडकनाथच्या छातीच्या मांसात कार्नोसिन हे ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य ब्रॉयलरच्या दुपटीहून अधिक आढळले, ही नोंद मात्र महत्त्वाची आहे. तरीही त्याचे सारे श्रेय काळ्या रंगाच्या जनुकाला देता येत नाही. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो, तर कडकनाथला सव्वा किलो भरायला पाच-सहा महिने लागतात. वय, चारा आणि हिंडणे-फिरणे यांचाही मांसाचा पोत व चव यांवर परिणाम होतो. मधुमेह किंवा हृदयविकारावरील औषध म्हणून जे दावे केले जातात, त्यांना माणसांवरील भक्कम चाचण्यांचा आधार नाही.

या मंद वाढीचा हिशेब पाळणाऱ्याला आधीच मांडावा लागतो. पिलांचा पुरवठा आणि चढ्या भावाने पुनर्खरेदी अशी हमी देणाऱ्या सांगली जिल्ह्यातील एका योजनेविरुद्ध 2019 मध्ये फसवणुकीच्या तक्रारी झाल्या. त्यात राज्यातील अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले.

झाबुआच्या कडकनाथ मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे शिरपूर वा चोपड्यात वाढवलेला पक्षी जातीने अस्सल असला, तरी त्याचे मांस ‘झाबुआ कडकनाथ’ या नावाने विकता येत नाही. जातीची शुद्धता तपासायची, तर विसाव्या गुणसूत्रावरील बदल आहे एवढे पाहून भागत नाही, कारण तो संकरित पक्ष्यातही एका प्रतीत असतो. त्यासाठी जनुकसंचात विखुरलेल्या अनेक खुणा एकत्र तपासाव्या लागतात.