सुताचा भाव आणि तासांचा हिशेब

सूत हा शब्द आपल्या बोलण्यात सरळपणासाठी येतो. सरळ झालेल्या माणसाला आपण सुतासारखा सरळ म्हणतो. कुणी फार कल्पना लढवू लागला की सुतावरून स्वर्ग गाठतो म्हणतो. पण सुताचा व्यवहार मात्र कधीच सरळ नव्हता. वर्धा जिल्ह्यात मी हातसुताचा आणि नैसर्गिक रंगांत रंगवलेल्या धाग्याचा छोटा धंदा चालवते. सात-आठ कातणाऱ्या बाया, रंगाचे दोन हंडे, वाळवणाची एक दोरी, असा एवढाच पसारा. येणारे गिऱ्हाईक लडी हातात घेते, कौतुक करते आणि विचारते, "एवढी महाग कशी?" या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी इतिहासात शिरले. तेच आज तुमच्यापुढे मांडते.

आधी साधा हिशेब करू. सुती धाग्याची एक गुंडी जुन्या मापाने ८४० यार्डांची. एका पौंडात जितक्या गुंड्या बसतात, तितक्या नंबरचे ते सूत. आमचे सूत जाडसर, दहा नंबरचे. म्हणजे एका पौंडात ८,४०० यार्ड. साध्या चरख्यावर सराईत हात तासाला साडेतीनशे यार्डांच्या आसपास कातते. म्हणजे पौंडाला २४ तास आणि शंभर ग्रॅमच्या लडीला पाच तासांहून अधिक, तेही निव्वळ कताईचे. त्याआधी सरकी काढायची, कापूस पिंजायचा, पेळू करायचे. नंतर दोन धागे एकत्र पिळायचे, अटेरणावर घ्यायचे, धुवायचे, रंगवायचे. शंभर ग्रॅमची लडी तुमच्या हातात येते तेव्हा तिच्यात आठ-नऊ तासांचे काम गुंडाळलेले असते. कापसाची किंमत त्यात फार थोडी. आम्ही विकतो ते मुख्यतः तास.

हे तास कमी करण्याचा खटाटोप म्हणजेच सूतकताईचा अलीकडचा इतिहास. हातमागावरच्या एका विणकराला सूत पुरवायला चार-सहा जणींना कातावे लागे. त्यामुळे कताई ही घरोघरच्या बायकांची कमाई होती. विधवेचा तर तो आधारच. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हरग्रीव्हज, आर्कराइट आणि क्रॉम्प्टन यांनी एकामागून एक कताईची यंत्रे आणली. अभ्यासकांनी मांडलेला एक हिशेब प्रसिद्ध आहे. १०० पौंड कापसाचे ८० नंबरचे बारीक सूत काढायला भारतीय हाताला ५०,००० तास लागत. १७८० च्या सुमाराच्या क्रॉम्प्टनच्या यंत्राला २,००० तास, १७९५ च्या सुमाराला ३०० आणि १८२५ च्या सुमाराला १३५. पन्नास हजारांशी एकशे पस्तीसचा सामना! यात हात हरणारच होता.

ही हार कशी झाली हे एका बाईने स्वतः सांगून ठेवले आहे. बंगालमधल्या शांतिपूरच्या एका विधवेचे पत्र १८२८ मध्ये 'समाचार दर्पण' या पत्रात छापून आले. बाविसाव्या वर्षी तिला वैधव्य आले, पदरी तीन मुली. तिने चरखा धरला. विणकर घरी येऊन रुपयाला तीन तोळे या भावाने सूत घेऊन जात. त्या कमाईवर तिने घर चालवले, मुलींची लग्ने केली, सासऱ्याचे श्राद्धही केले. मग विणकर यायचे बंद झाले. चौकशी केली तेव्हा कळले, की विलायतेचे सूत तीन-चार रुपये शेराने मिळू लागले आहे. ऐंशी तोळ्यांचा शेर धरला तर तिच्या सुताचा भाव शेराला सव्वीस रुपयांच्या वर होता. म्हणजे भाव सात-आठ पटींनी कोसळला.

या पत्रातला एक विचार माझ्या मनातून जात नाही. सूत इतके स्वस्त कसे, याचा ती विचार करते आणि म्हणते, की विलायतेत माझ्याहूनही दुर्दैवी बाया असल्या पाहिजेत. नाहीतर इतक्या कष्टाची वस्तू इतक्या कवडीमोलाने त्या का विकतील? तिला यंत्राची कल्पना नव्हती. एका अर्थी ती चुकली. पण दुसऱ्या अर्थी तिचे बरोबर होते. त्या गिरण्यांत तेव्हा लहान मुलेही राबत होती. तिथल्या कापडगिरण्यांतल्या मुलांच्या कामावर अधिक कडक कायदा आला तो १८३३ मध्ये, म्हणजे या पत्रानंतर पाच वर्षांनी. वस्तू फार स्वस्त मिळाली की कुणाचे तरी तास कमी मोलाने गेले असतील, ही शंका तिला आली. आपल्याला ती क्वचितच येते.

विणकर मात्र तगला. स्वस्त सूत त्याच्या फायद्याचे होते. पुढे आपल्याकडेच गिरण्या आल्या. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी उभी केली. त्यानंतर हातमागाला सूत मिळाले ते विलायती गिरणीचे नाहीतर देशी गिरणीचे. देशी-विदेशीचा वाद चालू राहिला, पण कातणारीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. तिचा चरखा माळ्यावर गेला तो गेलाच.

म्हणून गांधीजींना चरखा हवा झाला तेव्हा तो सापडेना! १९१७ मध्ये त्यांची गंगाबेन मजमुदार यांच्याशी ओळख झाली. त्यांनी पुष्कळ फिरून शेवटी बडोदा संस्थानातल्या विजापूरला चरखे शोधून काढले. चरखे निघाले, बायाही तयार झाल्या; पण पेळू कुठून आणायचे? प्रथम ते मुंबईच्या उमर सोबानींच्या गिरणीतून आले. गिरणीचे पेळू घेऊन हातसूत काढायचे हे गांधीजींना पटेना, तेव्हा पिंजारी शोधावा लागला. आश्रमात तयार झालेल्या पहिल्या खादीला वाराला सतरा आणे पडले. रुपया सोळा आण्यांचा होता हे लक्षात घ्या. म्हणजे "एवढी महाग कशी?" हा प्रश्न पहिल्या वारापासूनचा आहे.

त्यावर दोन उत्तरे शोधली गेली. पहिले उत्तर यंत्राचे. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी अशा, की चरखा खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावा, किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी आणि आठ तासांत १६,००० फूट चांगले सूत निघावे. म्हणजे तासाला साडेसहाशे यार्डांहून थोडे अधिक, साध्या चरख्याच्या जवळजवळ दुप्पट. आपल्या किर्लोस्करवाडीला गणेश भास्कर काळे यांनी असा यंत्र-चरखा तयार केला, त्याची परीक्षाही झाली. पण सगळ्या अटींत तो बसला नाही आणि बक्षीस कुणालाच मिळाले नाही. पुढे तमिळनाडूच्या एकांबरनाथन यांनी अनेक चात्यांचा चरखा केला. त्यांच्याच नावावरून तो 'अंबर चरखा' झाला. पुण्याचे अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे यांच्या समितीने १९५५ मध्ये ग्रामोद्योगांचा विचार केला, तेव्हा या चरख्यावर मोठी भिस्त ठेवली होती.

दुसरे उत्तर मजुरीचे, आणि माझ्या मते ते अधिक धाडसाचे. दिवसभर कातणाऱ्या बाईच्या हाती तेव्हा जेमतेम आणा-दोन आणे पडत. खादी घालणारा देशभक्त ठरे आणि ती कातणारी उपाशी राही. १९३५ मध्ये गांधीजींनी आग्रह धरला, की आठ तासांच्या कसबी कामाला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. चरखा संघाने तसा ठरावही केला. भाव चढतील, गिऱ्हाईक तुटेल, भांडारे बंद पडतील, अशी कार्यकर्त्यांना भीती होती आणि ती खोटी नव्हती. तरी मजुरी वाढवली गेली. तोवर खादी जमेल तितकी स्वस्त करायची, ही दिशा होती. त्या ठरावाने ती बदलली. आधी कातणारीचे पोट, मग कपड्याचा भाव.

आता रंगाकडे वळू. 'नैसर्गिक रंग' म्हटले की गिऱ्हाईक प्रसन्न होते. मलाही ते काम फार आवडते. सूत सोड्यात उकळून घ्यायचे, हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे, मग तुरटी आणि मग मंजिष्ठाचा हंडा. असा लाल चढतो. निळीची तर जादूच. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून हंड्यात ती आंबवावी लागते. लडी बाहेर काढली की हिरवट-पिवळी दिसते आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळी होते. गडद निळा हवा तर पुन्हा पुन्हा बुडवा. म्हणजे इथेही तासच.

पण रंग झाडाचा म्हणून तो निर्दोष, असे इतिहास सांगत नाही. बंगालमध्ये १८५९ मध्ये रयतेने नीळ पेरायला नकार दिला, तो मळेवाल्यांच्या जुलमाला कंटाळून. चंपारणमध्ये वीस कठ्ठ्यांमागे तीन कठ्ठे नीळ लावायची सक्ती होती. तिच्याविरुद्ध १९१७ चा सत्याग्रह झाला. ती नीळ अस्सल झाडाची होती, रसायनाचा थेंब नव्हता तिच्यात. दुसरीकडे १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग केला, १८६९ पर्यंत मंजिष्ठाच्या जातीचा लालही प्रयोगशाळेत तयार झाला आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ जर्मनीतून बाजारात आली. त्यानंतर झाडाच्या निळीचा बाजार बसला. शेतकऱ्याला नीळ पुरवत नव्हती, त्याच्यावरची सक्ती मात्र चालूच होती. म्हणून माझ्या दुकानात कुणी 'नैसर्गिक' या शब्दावर फार भाळले की मी विचारते, ही नीळ कुणी लावली आणि त्याला काय मिळाले, हे नको का विचारायला?

हाच प्रश्न मला माझ्या घरातही चुकत नाही. दिवाळीनंतर कापूस फुटतो आणि आमचे चरखे ओस पडतात. पहिल्या वर्षी एक कातणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "ताई, वेचनीले गेलं तं संध्याकाळी पैसे हातात येते. तुमच्या सुताचे कवा येते?" मी गप्प बसले. आमचा माल दुकाने उधारीवर ठेवून घेतात. शहरातल्या एका दुकानाने पैसे द्यायला सात महिने लावले. ते सात महिने मावशींनी का सोसायचे?

मग आम्ही नेम केला. सूत विकले जावो वा न जावो, गुंड्या मोजून दर शनिवारी पैसे. दर ठरवायचा तो वेचणीच्या रोजाशी ताडून. आठ तास कातणारीला त्याहून कमी पडता कामा नये. त्यामुळे लडीचा भाव वाढला, काही गिऱ्हाइके गेली. वेचणीच्या दिवसांत बाया अजूनही शेतावर जातात आणि त्यात गैर काही नाही. पण वेचणी संपली की त्या परत येतात.

आमच्या चिठ्ठीवर आम्ही 'खादी' लिहीत नाही. २०१३ च्या नियमांनुसार प्रमाणपत्राशिवाय तो शब्द विक्रीसाठी वापरता येत नाही. आम्ही 'हातसूत' लिहितो आणि त्याखाली कताईचे, पिंजणीचे आणि रंगाईचे तास लिहितो. काही जण ते वाचतात आणि लडी खाली ठेवतात. काही जण वाचून भाव करायचे थांबतात.

हातसुताने देशाला कपडा पुरेल, असे मी म्हणणार नाही. पन्नास हजार आणि एकशे पस्तीस हे आकडे माझ्याही डोळ्यांपुढे आहेत. यंत्राचे सूत मीही नेसते. माझे मागणे एवढेच, की कुठलीही वस्तू फार स्वस्त वाटली, मग ती हाताची असो की यंत्राची, तर शांतिपूरच्या त्या बाईला पडला तो प्रश्न एकदा स्वतःला विचारावा. हे कुणाचे तास आहेत, आणि त्याला त्यांचे पैसे पोचले का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)