एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रिया आणि पॅपिलोमा विषाणूची जनुकीय विविधता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
रोगाचा इतिहास हा केवळ जंतूंचा व औषधांचा इतिहास नसतो. कोणत्या रुग्णाची नोंद झाली व कोणाची राहून गेली, याचाही तो इतिहास असतो. २००८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोन विषाणूंच्या शोधासाठी विभागून देण्यात आले. अर्धे पारितोषिक मानवी पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही) व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना, तर उर्वरित अर्धे एचआयव्हीच्या शोधासाठी फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी व ल्यूक माँतान्ये यांना मिळाले. प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे ओळखले गेलेले हे विषाणू अनेक स्त्रियांच्या शरीरात मात्र एकत्र नांदत होते. वैद्यकशास्त्राने त्याची दखल कशी घेतली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका :
इटलीतील व्हेरोना येथील मृत्युनोंदींच्या आधारे रिगोनी-स्टर्न यांनी १८४२ मध्ये असे दाखविले की, गर्भाशयमुखाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत अधिक, तर मठवासी स्त्रियांत क्वचित आढळतो. या निरीक्षणामागील कारण उलगडण्यास सुमारे १४० वर्षे लागली. त्सूर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये एचपीव्ही-१६ व १९८४ मध्ये एचपीव्ही-१८ कर्करोगाच्या पेशींतून वेगळे केले. एचआयव्हीचा शोधही १९८३ मधीलच होय.

व्याख्येचा प्रश्न :
अमेरिकेत एड्सची प्रारंभीची व्याख्या प्रामुख्याने पुरुष रुग्णांच्या लक्षणांवर आधारलेली होती. परिणामी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ग्रस्त असलेल्या एचआयव्हीबाधित स्त्रिया व्याख्येबाहेर राहिल्या व त्यामुळे शासकीय साहाय्यासही मुकल्या. १९९० मध्ये या विरोधात अटलांटा येथे निदर्शने झाली व न्यायालयातही दाद मागण्यात आली. अखेर १ जानेवारी १९९३ पासून पसरलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा समावेश एड्सच्या व्याख्येत झाला. ही दुरुस्ती जशी वैद्यकीय पुराव्याची, तशीच ती स्त्रियांच्या लढ्याची फलश्रुती होती, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

विविधतेचे स्वरूप :
एचपीव्हीचा जनुकसंच सुमारे ८,००० आधारक-जोड्यांचा आहे. एल-१ या जनुकात किमान १० टक्के भिन्नता असल्यास स्वतंत्र 'प्रकार' मानला जातो. असे २०० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. त्याहून सूक्ष्म भेदांनुसार एकाच प्रकाराच्या उपशाखा मानल्या जातात. एचपीव्ही-१६ च्या अ, ब, क व ड अशा चार मुख्य शाखा आहेत. प्रतिकारशक्ती क्षीण झाली की शरीर विषाणूचे निर्मूलन करू शकत नाही. म्हणूनच एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांत एकाच वेळी अनेक प्रकारांचा संसर्ग अधिक आढळतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातून असेही दिसून आले की, सीडी-४ पेशी घटल्यावर इतर प्रकार जितके वाढतात, तितका एचपीव्ही-१६ वाढत नाही. प्रतिकारशक्ती शाबूत असतानाही तिला चुकविण्याची त्याची क्षमता हे यामागील संभाव्य कारण होय. तात्पर्य, सर्वसामान्य स्त्रियांत गौण ठरणारे प्रकार या स्त्रियांत दुर्लक्षणीय ठरत नाहीत.

प्रतिबंध व विषमता :
२००६ मध्ये उपलब्ध झालेली पहिली लस चार प्रकारांवर, तर २०१४ ची लस नऊ प्रकारांवर आधारित होती. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या कर्करोगात तुलनेने अधिक आढळणारा एचपीव्ही-३५ हा प्रकार या नऊंमध्ये नाही. आणि एचआयव्हीचा सर्वाधिक भार आफ्रिकेवरच आहे. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटची २०२३ मध्ये आलेली स्वदेशी लस ६, ११, १६ व १८ या प्रकारांविरुद्ध आहे. ती निश्चितच मोलाची आहे. तथापि लस घेतली म्हणून तपासणीची गरज संपत नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांत या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असल्याने त्यांची तपासणी वयाच्या २५ व्या वर्षापासून सुरू करावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली.

निष्कर्ष :
१९९३ पूर्वी व्याख्येने या स्त्रियांना वगळले होते. पुढील काळात प्रकारांची निवडही तसाच परिणाम घडवू शकते. कोणत्या विषाणूची गणना करावयाची, हा प्रश्न अंतिमतः कोणत्या स्त्रीची गणना करावयाची, या प्रश्नाशी निगडित आहे, हेच या इतिहासातून स्पष्ट होते.